घरची तालीम

घरी व्यायाम करावयाचा तर साहित्यास पैका हवा, अशी समजूत छत्रपती संभाजीनगरच्या मध्यम स्थितीतील कुटुंबांतही आढळते. सातारा प्रांतीच्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ साली युजेन सँडोची साधने विकत घेऊन सुमारे दहा वर्षे नेमाने वापरली. पुढे ती बाजूस सारून त्यांनी सूर्यनमस्कार धरले व १९२८ साली त्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ज्यास साधने परवडत होती त्यानेच ती सोडली, हे आम्हांस मननीय वाटते. नमस्कारांस पुरुषभर जागा व न घसरणारी सतरंजी पुरे. मात्र जेवणानंतर लगेच ते घालू नयेत. संख्या हळूहळू वाढवावी. धाप लागल्यास वा कंबर दुखल्यास थांबावे. व्याधिग्रस्तांनी आधी वैद्यास विचारावे. नेम तेवढा राजघराण्यासही विकत मिळत नाही.