दलाल नेमका कुणाचा?

जनावरांच्या बाजारात गेलेल्यांनी हे पाहिलं असेल. दलाल रुमालाखाली हात घालतो आणि बोटं दाबून भाव ठरवतो, आधी विकणाऱ्याशी, मग घेणाऱ्याशी. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. बैल कामाला वाईट निघाला तर एखादा हंगाम वाया जातो. घराचं तसं नाही, तिथे वीस वर्षांचे हप्ते असतात. तरीही आपल्याकडे घर घेणारा आणि त्याचा दलाल यांच्यात बहुतेक वेळा एक ओळही लिहिलेली नसते.

कायदा नाही म्हणून असं होतं, हे खरं नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि आजही लागू आहे. त्याच्या कलम १८२ पासून पुढे एजंट आणि त्याला नेमणारा यांचं नातं सविस्तर सांगितलंय. एजंटनं नेमणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे वागावं, हिशेब द्यावा, नेमणाऱ्याला अंधारात ठेवून स्वतःचा व्यवहार करू नये. कलम २१९ म्हणतं, वेगळं ठरलं नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय मोबदला देणं लागत नाही. कलम २२० तर आणखी स्पष्ट आहे: ज्या कामात एजंटनं गैरवर्तन केलं, त्या कामाचा मोबदला त्याला मागता येत नाही.

मग कागद का आला नाही? माझ्या मते याचं मूळ मुंबईच्या पागडीत आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जुनी भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली आणि पागडी घेणं गुन्हा ठरवलं. खोल्या कमी, माणसं जास्त. पागडी थांबली नाही, फक्त तिची पावती बंद झाली. जो पैसा कागदावर दाखवायचाच नाही, तो मिळवून देणाऱ्याशी करार कोण करणार? पागडीला कायद्यानं मान्यता मिळाली ती थेट १९९९ च्या कायद्यानं, पण तोवर दोन पिढ्यांना तोंडी दलालीची सवय लागली होती.

मधल्या काळात मालकीच्या फ्लॅटचे दिवस आले. बिल्डरांच्या मनमानीला आळा घालायला १९६३ साली ‘मोफा’ कायदा आला. लेखी करार, त्याची नोंदणी, जमिनीच्या मालकीची माहिती, हे सगळं बिल्डरवर बंधनकारक झालं. दलाल मात्र मोकळाच राहिला.

त्याला कायद्यानं पहिल्यांदा पकडलं ते रेरानं. कायदा २०१६ चा, पूर्णपणे लागू झाला मे २०१७ पासून. नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकायचं तर एजंटचीही नोंदणी हवी, नाहीतर दिवसाला १०,००० रुपये दंड. महारेरानं २०२३ मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. हे चांगलंच झालं. पण दोन भोकं उरली. जुन्या इमारतीतला रिसेल फ्लॅट सहसा या चौकटीबाहेर राहतो. आणि नोंदणी झाली तरी तो एजंट तुमच्या बाजूनं आहे की समोरच्या, हे लिहून देण्याची सक्ती नाही.

याची किंमत काय असते ते सांगतो. आमच्या नात्यातल्या एका जोडप्यानं रिसेल फ्लॅट पाहिला. मालक ६८ लाखांवर तयार होता. यांनी विश्वासानं दलालाला सांगून टाकलं, “ताणून ताणून आमची झेप ७२ पर्यंत.” दोन दिवसांत मालक ७२ वर जाऊन बसला. पुढे कळलं की दलालानं मालकाकडूनही दलाली घेतली होती. हे दोघं वकिलाकडे गेले, तर त्यानं एकच प्रश्न विचारला: “तो तुमचा दलाल होता, हे कशावरून?” उत्तर नव्हतं.

अमेरिकेत हाच वाद कोर्टात गेला. तिथे घेणाऱ्याच्या एजंटचं कमिशनही बहुधा विकणाऱ्याकडून यायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅन्सस सिटीतल्या ज्यूरीनं दलालांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध निकाल दिला, मार्च २०२४ मध्ये संघटनेनं ४१.८ कोटी डॉलर द्यायचं मान्य करून तडजोड केली. ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवायला नेण्याआधी घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो आणि त्यात मोबदल्याचा आकडा लिहावा लागतो. तिकडे राहणाऱ्या नातलगांना विचारून बघा.

आपल्याकडे सक्ती नसली तरी मनाईही नाही. घर बघायला जाण्याआधी एक पान लिहून घ्या:

१. एजंट कुणाच्या वतीनं काम करतोय.
२. दलाली किती, जीएसटी धरून की वेगळा.
३. दलाली कधी द्यायची. टोकनला नाही, खरेदीखताची नोंदणी झाल्यावर.
४. समोरच्याकडून पैसे घेणार असेल तर ते आधी सांगायचं.
५. सौदा फिसकटला तर काय, आणि हा करार किती महिने चालणार.

खाली दोघांच्या सह्या. प्रामाणिकपणे काम करणारे एजंट आपल्या गावातही आहेत. त्यांना हा कागद जड जाणार नाही, उलट त्यांची दलाली बुडणार नाही याची ती हमीच आहे. जो सही करायला कां-कू करेल, त्यानं ‘मी कुणाचा’ या प्रश्नाचं उत्तर दिलंच म्हणून समजा.