मातृत्वाचा वाद आणि आईचा दिवस

१९१८ साली टोकियोच्या 'फुजिन कोरोन' या मासिकातून मातृत्वाच्या संरक्षणाचा वाद पेटला. स्त्रीवादाच्या इतिहासात त्याची नोंद विचारप्रणालींचा संघर्ष अशी होते, आणि ती चूक नाही. पण त्या वादाविषयी वाचताना आम्हांस सारखा एक साधा प्रश्न पडतो: या बायकांना लिहायला सवड केव्हा मिळत होती? कारण वादातल्या दोन्ही प्रमुख लेखिका घरात लहान मुले वाढवीत होत्या.

योसानो अकिको तेव्हा दहा मुलांच्या आई होत्या. अकरावे मूल पुढच्या वर्षीचे. १९०१च्या 'मिदारेगामी' या संग्रहाने गाजलेल्या या कवयित्रीवर संसाराचा भार होता, कारण १९०८मध्ये 'म्योजो' हे नियतकालिक बंद पडल्यावर पतीची मिळकत आटली होती. त्यांना युरोपला धाडण्यासाठी अकिकोंनी घडीच्या पडद्यांवर स्वतःच्या शंभर-शंभर कविता लिहून ते विकले. त्या काळी किमोनो धुवायचा म्हणजे शिवण उसवायची, तुकडे धुवायचे, ताणून वाळवायचे आणि पुन्हा शिवायचे. दहा मुलांच्या घरात या एका कामाला किती तास लागत असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

अशा दिवसांतून वेळ चोरून त्या जवळजवळ दशकभर 'गेंजी मोनोगातारी'वर विस्तृत भाष्य लिहीत होत्या. १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत, बुन्का गाकुइन या शाळेत ठेवलेले ते हस्तलिखित जळून गेले. पुढे १९३८-३९मध्ये त्यांनी 'गेंजी'चा नवा अनुवाद प्रसिद्ध केला. पण ते भाष्य गेले ते गेलेच. आणि ते ज्या तासांत लिहिले, ते तासही.

वादात अकिकोंची भूमिका निष्ठुर वाटावी इतकी सरळ होती: स्त्रीने आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र व्हावे, मगच मूल जन्माला घालावे, बाळंतपणासाठी राज्याकडे हात पसरणे हे परावलंबनच. हिरात्सुका राइचो यांना हे पटले नाही. १९११मध्ये त्यांनीच काढलेल्या 'सेइतो' मासिकाच्या पहिल्या अंकाचा आरंभ अकिकोंच्या कवितेने झाला होता. पण १९१८पर्यंत राइचो दोन मुलांच्या आई झाल्या होत्या, आणि मधल्या काळात त्यांच्या जोडीदाराला क्षयाने गाठले होते. अंगावरचे मूल आणि अंथरुणावरचा माणूस सांभाळून कमवायचे कसे, हा त्यांच्या घरातला प्रश्न होता. मूल केवळ आईचे नसते, समाजाचे व राष्ट्राचेही असते, म्हणून आईचा भार राज्याने उचलावा, असे त्यांचे म्हणणे. मूल हे मुलाचे स्वतःचेच असते, असे अकिकोंचे उत्तर.

राइचो टोकियोच्या ज्या जपान महिला विद्यापीठात शिकल्या, त्याचीच माहितीपत्रिका वाचून धोंडो केशव कर्वे यांनी १९१६मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ उभारले, हे मराठी वाचकांस ठाऊक असेल. तिथल्या 'सुपत्नी आणि सुज्ञ माता' घडविणाऱ्या शिक्षणाला राइचो विटल्या होत्या, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

कोणाची बाजू घ्यावी? अकिको १९१२मध्ये पॅरिसला गेल्या तेव्हा त्यांची सात मुले घरच्या माणसांच्या हवाली होती. म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्याच्या तासांमागे दुसऱ्या कोणाचे तास होते, आणि ज्या गिरणी-कामगार स्त्रीला असे कोणी नव्हते, तिला त्यांच्या युक्तिवादात जागा सापडत नाही. समाजवादी यामाकावा किकुए यांनी दोघींनाही सुनावले की अर्थव्यवस्था बदलल्यावाचून दोन्ही मार्ग अपुरे आहेत. आम्हांस त्या वेळेपुरती राइचोंची बाजू खरी वाटते.

'त्या वेळेपुरती' म्हणण्याचे कारण पुढच्या इतिहासात आहे. १९३७मध्ये गरीब मातांना साहाय्य देणारा कायदा झाला. १९४१मध्ये युद्धखोर सरकारने दर जोडप्यास सरासरी पाच मुले असावीत असे धोरण आखले. मूल राष्ट्राचे, हे वाक्य आता सरकार बोलू लागले होते. अकिकोही या लाटेपासून अलिप्त राहिल्या नाहीत. १९०४मध्ये रणांगणावरच्या भावाला 'मरू नकोस' असे विनवणाऱ्या या कवयित्रीने अखेरच्या वर्षांत युद्धाला अनुकूल रचना केल्या. २९ मे १९४२ रोजी त्या वारल्या. त्याच वर्षीच्या जुलैपासून जपानमधील गर्भवतींना सरकारी नोंदवही मिळू लागली. ती दाखविली की जादा शिधा मिळे. युद्धानंतर, १९४८मध्ये, तिचेच रूप बदलून माता-बाल पुस्तिका झाली, आणि जपानी आया आजही आपल्या मुलांच्या लसी आणि वजने तीत नोंदवून घेतात.