लालबागेचे फाटक आणि गल्लीतील दार

इंदुरात खान नदीच्या काठी होळकरांची लालबाग उभी आहे. तिच्या बांधकामास १८८६ साली आरंभ झाला आणि १९२१ साली, तिसऱ्या तुकोजीरावांच्या अमदानीत, ते पुरे झाले. वाड्याचे लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकावरून बेतलेले असून ते इंग्लंडात ओतवून जहाजाने आणविले होते. त्यावर होळकरांचे राजचिन्ह आहे. परंतु लोखंडास राव आणि रंक हा भेद ठाऊक नसतो. हवा आणि पाणी यांची गाठ पडली की गंज चढावयाचाच. म्हणून त्या काळी अशा कामाची रीत ठरलेली असे. आधी गंज खरवडावयाचा, मग अळशीच्या तेलात घोटलेल्या शेंदराचा हात द्यावयाचा, आणि त्यावर शोभेचा रंग चढवावयाचा. मारुतीच्या मूर्तीस परंपरेने लावीत तोच हा शिशाचा शेंदूर. शिसे विषारी असल्यामुळे ही रीत पुढे मागे पडली.

घराच्या दर्शनी दाराला रंग देणे ही निव्वळ शोभेची बाब नव्हे, हे लालबागेचे काम चालू असतानाच इंदूरच्या गल्ल्यांनी दाखवून दिले. शहरात प्लेगने ठाण मांडले होते. नगररचनेचा विचार करण्यासाठी दरबाराने स्कॉटलंडचे पंडित पॅट्रिक गेडिस यांना पाचारण केले होते. त्यांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. हा दाढीवाला वृद्ध साहेब नकाशा घेऊन गल्लीत शिरला की लोक भयाने त्याच्याकडे बोट दाखवीत. प्लेग आणतो तो हाच, अशी त्यांची समजूत झाली होती.

हे भय हुकमाने जाणारे नव्हते. गेडिस यांनी महाराजांकडून एका दिवसाचे राजेपण मागून घेतले आणि दिवाळीची मिरवणूक आपल्या मताने काढण्याचे ठरविले. मिरवणुकीची वाट मात्र आधी नेमली नाही. ज्या रस्त्यावरील घरे सर्वांत अधिक झाडलेली, डागडुजी केलेली दिसतील, त्याच रस्त्याने ती जाईल, असे जाहीर झाले. मग काय विचारता! आळीआळीत चढाओढ लागली. गाडेच्या गाडे केर बाहेर पडला, भिंती सारवल्या गेल्या, दारांवर रंगाचे हात फिरले.

मिरवणुकीत हत्ती होते, घोडदळ होते. पण मान मिळाला तो शुभ्र वस्त्रे ल्यालेल्या सफाई कामगारांना. अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर यांच्या प्रतिमा शेवटी जाळण्यात आल्या. लक्ष्मीच्या मागोमाग ‘इंदूर नगरी’ ही नवी देवता निघाली, आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली.

प्लेगचा हंगाम तेव्हा ओसरतच होता. त्याचे सारे श्रेय रंगाच्या कुंचल्यास देता येणार नाही. परंतु ज्या साहेबाला लोक भीत होते, त्याच्याच सांगण्यावरून त्यांनी आपली दारे रंगविली, हेही खरे. दिवाळीला लक्ष्मी स्वच्छ घरी येते, ही श्रद्धा त्यांची स्वतःचीच होती. गेडिस यांनी तिला नगराच्या कामास लावले.

आज लालबागेत राजे राहत नाहीत. तरीही तिच्या फाटकाला दर काही वर्षांनी रंगाचा हात लागतोच. गल्लीतील दारांनाही दिवाळीपूर्वी तो लागतो, आणि त्यासाठी कोणा दरबारच्या हुकमाची गरज पडत नाही.