चुंबकीय सेमीकंडक्टरची गोष्ट: एक भाकीत, शेकडो पेपर आणि एक चिमटा

मटेरियल सायन्समध्ये पीएचडीसाठी विषय शोधत असाल, तर 'डायल्यूट मॅग्नेटिक सेमीकंडक्टर' हे नाव कधी ना कधी तुमच्यासमोर येणारच. झिंक ऑक्साइडमध्ये थोडं कोबाल्ट किंवा मँगनीज घालायचं, चुंबकत्व मोजायचं आणि पेपर लिहायचा, असं वरवर सोपं दिसणारं हे काम आहे. विषय घ्या किंवा घेऊ नका, पण त्याचा इतिहास आधी माहीत करून घ्या. पुढची चार-पाच वर्षं त्यात जाणार आहेत.

हे हवं कशाला?

कॉम्प्युटरमध्ये गणित करतो तो सिलिकॉन. तिथे इलेक्ट्रॉनचा विद्युतभार कामाला येतो. हार्ड डिस्कमध्ये माहिती साठते ती चुंबकीय धातूच्या थरात. तिथे इलेक्ट्रॉनचा स्पिन कामाला येतो. ही दोन्ही कामं एकाच पदार्थाने केली तर? या एका प्रश्नावर हे सगळं क्षेत्र उभं आहे.

अशा पदार्थांचा शोध जुना आहे. युरोपियम ऑक्साइड हा सेमीकंडक्टर लोहचुंबकासारखा वागतो, हे 1961 मध्येच कळलं होतं. अडचण एवढीच, की हे चुंबकत्व 69 केल्विनला, म्हणजे सुमारे उणे 204 अंश सेल्सिअसला संपतं. पुढे कॅडमियम टेल्युराइडसारख्या पदार्थांत मँगनीज घालून पाहिलं गेलं. कॅडमियम आणि मँगनीज दोघांची संयुजा दोन, त्यामुळे मँगनीज सहज मावतं. पण त्यातून मोकळे विद्युतवाहक मिळत नाहीत, आणि दूरदूरच्या मँगनीज अणूंना एका दिशेला वळवायला तेच तर लागतात.

ओनो यांची युक्ती

गॅलियम आर्सेनाइडच्या कुळात मँगनीज घातलं की ते चुंबकीय अणूही पुरवतं आणि होलही देतं. पण या पदार्थांत मँगनीज फारसं विरघळत नाही, वेगळं होऊन बसतं. 1989 मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत मुनेकाता, ओनो आणि सहकाऱ्यांनी इंडियम आर्सेनाइडचे थर नेहमीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वाढवले. अणूंना वेगळं व्हायला वेळच मिळाला नाही. पुढे जपानमध्ये सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात हिदेओ ओनो यांच्या गटाने 1996 मध्ये हीच रीत गॅलियम आर्सेनाइडवर वापरली, आणि लवकरच 110 केल्विनपर्यंत टिकणारं चुंबकत्व मिळालं. 2000 मध्ये याच गटाने इंडियमच्या थरात नुसता व्होल्टेज बदलून चुंबकत्व चालू-बंद करून दाखवलं.

भाकीत आणि धावाधाव

त्याच वर्षी दित्ल, ओनो आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये एक सैद्धांतिक पेपर छापला. गॅलियम नायट्राइड आणि झिंक ऑक्साइडमध्ये 5 टक्के मँगनीज घातलं तर चुंबकत्व खोलीच्या तापमानाच्याही वर टिकेल, असं त्यात म्हटलं होतं. पण त्याला एक अट होती: घन सेंटीमीटरमागे 3.5 × 10²⁰ होल हवेत. झिंक ऑक्साइडमध्ये एवढे होल निर्माण करणं महाकठीण. धावाधावीत भाकीत सगळ्यांच्या लक्षात राहिलं, अट मात्र बरेच जण विसरले.

2001 मध्ये कोबाल्ट घातलेल्या टायटॅनियम डायॉक्साइडमध्ये खोलीच्या तापमानाला चुंबकत्व दिसल्याचं जाहीर झालं, आणि मग पेपरांची रीघ लागली. 2004 मध्ये तर चुंबकीय अणू अजिबात न घातलेलं हाफ्नियम ऑक्साइडही चुंबकीय असल्याचा दावा आला. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या एब्राहम, फ्रँक आणि गुहा यांनी तोच प्रयोग करून पाहिला. स्वच्छ थरात काहीच मिळालं नाही. स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने थर हाताळला, की मात्र चुंबकत्व हजर!

चिमट्याने एवढा फरक कसा पडेल? हिशोब करून पाहा. 5 मिलिमीटर बाय 5 मिलिमीटरचा, 100 नॅनोमीटर जाडीचा झिंक ऑक्साइडचा थर घ्या. त्यात 5 टक्के कोबाल्ट, आणि प्रत्येक कोबाल्ट अणूमागे एक बोर मॅग्नेटॉन धरा. एकूण चुंबकीय आघूर्ण येतं साधारण 5 × 10⁻⁵ ईएमयू. एवढाच सिग्नल द्यायला लोखंड किती लागेल? पाव मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. तेवढं डोळ्यांना दिसतही नाही.

झिंक ऑक्साइडचीही तपासणी झाली. मँगनीज घातलेल्या झिंक ऑक्साइडमध्ये खोलीच्या तापमानाला चुंबकत्व असल्याचा दावा 2003 मध्ये स्टॉकहोमहून आला होता. पुणे विद्यापीठात घडलेले सतीशचंद्र ओगले तेव्हा अमेरिकेत मेरीलँडला होते. त्यांच्या गटाने 2004 मध्ये दाखवलं, की हे चुंबकत्व झिंक ऑक्साइडचं नसून, प्रक्रियेत तयार होणाऱ्या मँगनीज-झिंकच्या वेगळ्याच ऑक्साइडचं आहे. 2005 मध्ये बंगळूरहून सी. एन. आर. राव आणि दीपक यांनी मँगनीज आणि कोबाल्ट घातलेल्या, नीट तपासलेल्या झिंक ऑक्साइडमध्ये लोहचुंबकत्व नसल्याचं छापलं.

मग हाती काय लागलं?

गॅलियम मँगनीज आर्सेनाइड आज 200 केल्विनच्या आसपास अडकलंय. खोलीचं तापमान 300. तरीही ते काम वाया गेलं असं म्हणू नका. विद्युतप्रवाहाने स्पिन वळवण्याच्या ज्या कल्पनांवर आज धातूंच्या थरांत मेमरी बनवायचे प्रयत्न चालू आहेत, त्यातल्या काही आधी याच पदार्थात तपासल्या गेल्या.

तुम्ही या विषयात शिरणार असाल, तर कोणताही पेपर वाचताना चार गोष्टी शोधा. कोरा सबस्ट्रेट त्याच पद्धतीने हाताळून मोजलाय का? चिमटा प्लास्टिकचा किंवा टायटॅनियमचा होता का? एक्स-रेला न दिसणारे बारीक कण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने शोधलेत का? आणि चुंबकत्वाचा परिणाम विद्युतवाहकांवर दिसतो का, की नुसता हिस्टेरेसिस लूप छापून मोकळे झालेत? स्वतःच्या सॅम्पललाही हेच चार प्रश्न विचारा, आणि ते गाईडने विचारायच्या आधी विचारा.