वाट आधी चुकते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे अब्बा टॅक्सी ड्रायव्हर होते. मिरज स्टेशनबाहेर त्यांची पांढरी अँबेसिडर वर्षानुवर्षं उभी राहिली. कुणाला नृसिंहवाडीला जायचं असे, कुणाला जोतिबाला, कुणाला पंढरपूरला, कुणाला विजापूरला. हातात नकाशा कधीच नसे. कोणत्या गावात वळण अवघड आहे, कृष्णेला पाणी आलं की कोणता रस्ता आधी बंद होतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात.

2004 साली, वयाच्या 66व्या वर्षी, त्यांनी रात्रीची भाडी घेणं बंद केलं. ‘समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर येतो,’ म्हणाले. आम्हाला ते पटलं. मग लांबची भाडी सुटली. मग गाडी फारच हळू चालू लागली आणि मोकळ्या रस्त्यावर मधेच करकचून ब्रेक लागू लागला. पुढं घर, स्टेशन आणि मशीद एवढ्यावरच चाकं फिरू लागली. एका दुपारी ते माझ्या बहिणीला आणायला जयसिंगपूरला निघाले आणि चार तासांनी रिकामी गाडी घेऊन परतले. अंकलीचा पूल ओलांडल्यावर त्यांना पुढची वाटच उमगली नव्हती. मला म्हणाले, ‘ये रस्ता कब बनाए रे?’ तो रस्ता माझ्या जन्माआधीपासून तिथंच होता. आम्ही हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

डॉक्टरांकडं जायला आम्ही आणखी दोन वर्षं लावली. निदान झालं : अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार.

हे नाव कुठून आलं? 25 नोव्हेंबर 1901 रोजी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. आलॉइस अल्झायमर यांनी तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिनं स्वतःचंच नाव सांगितलं. 1906 मध्ये ती वारली. अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या सभेत आपली निरीक्षणं मांडली. 1910 साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. ऑगस्टेच्या हकिकतीतली एक नोंद मला फार बोलकी वाटते : तिला स्वतःच्या घरातच वाट सापडेनाशी झाली होती. तिच्याकडं मोटार नव्हती, पण खूण तीच होती.

वाटच का चुकावी, याचं उत्तर मिळायला बराच काळ जावा लागला. 1971 साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात जागा ओळखणाऱ्या पेशी सापडल्या. ठरावीक ठिकाणी उंदीर आला की ठरावीक पेशी जागी होते. 2005 साली नॉर्वेत माय-ब्रिट आणि एडवर्ड मोसर या जोडप्याला शेजारच्याच भागात अंतराचा आणि दिशेचा हिशेब ठेवणाऱ्या पेशी आढळल्या. 2014चं नोबेल पारितोषिक या तिघांना मिळालं. मधल्या काळात, 1991 साली, जर्मनीतल्या हायको आणि एव्हा ब्राक या दांपत्यानं अल्झायमर मेंदूत टप्प्याटप्प्यानं कसा पसरतो हे दाखवून दिलं होतं. तो सुरू होतो या दिशा राखणाऱ्या भागाच्या आसपासच. म्हणजे माणसांची नावं पुसली जाण्याच्या आधीही रस्त्यांची वही फाटू लागलेली असू शकते.

लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागतात. 2000 साली एलिनॉर मॅग्वायर यांनी दाखवलं, की या ड्रायव्हरांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. 2024 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे नव्वद लाख मृत्यूंच्या नोंदी व्यवसायवार पाहिल्या गेल्या. 443 व्यवसायांमध्ये अल्झायमरनं मृत्यू होण्याचं प्रमाण सर्वांत कमी होतं ते टॅक्सी आणि रुग्णवाहिका चालवणाऱ्यांमध्ये. ठरलेल्या मार्गानं जाणाऱ्या बसचालकांना आणि वैमानिकांना हा लाभ दिसला नाही. अर्थात हा कल आहे, कवच नव्हे, असं अभ्यासकच बजावतात. माझे अब्बा त्याचे साक्षीदार.

मग प्रश्न आला, की गाडी चालवण्याची रीत पाहून आजार आधी ओळखता येईल का? अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठानं 65 वर्षांपुढच्या 139 जणांच्या गाड्यांत जीपीएस यंत्र बसवून वर्षभर नोंदी ठेवल्या. हे सगळे बोलण्या-वागण्यात ठीकठाक होते, पण काहींच्या मेंदूत आजाराच्या खुणा सापडल्या होत्या. 2021 साली निष्कर्ष आले. अशी माणसं हळू चालवतात, अचानक वेग बदलतात, रात्री कमी निघतात, कमी अंतर जातात आणि त्याच त्या मोजक्या ठिकाणी जातात. ते वाचताना मला वाटलं, कुणी आमच्या अँबेसिडरमागूनच फिरलं होतं की काय! त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2,977 वयस्कर चालकांच्या नोंदी तपासल्या. वय वगैरे माहिती जोडली, तर स्मृतिभ्रंश किंवा त्याची पूर्वावस्था 88 टक्के अचूकतेनं ओळखता आली.

मात्र घाई नको. रात्री गाडी न काढण्याचं कारण मोतीबिंदू असू शकतं. हळू चालवण्यात शहाणपणही असतं. एका खुणेवरून कुणावर शिक्का मारू नये. पण रीत बदलली, सलग बदलत गेली आणि ओळखीचा रस्ता परका वाटू लागला, तर डॉक्टरांना जरूर दाखवावं.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. आपल्याकडं 55 वर्षांनंतर वाहन परवान्याचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं. पाच वर्षांत माणूस कुठल्या कुठं जातो. ते रोज पाहणारी माणसं घरातलीच.

आम्ही काय केलं ते सांगतो. 2006 मध्ये भाईजाननं बॅटरीची वायर सोडून ठेवली आणि ‘पार्ट मिळत नाही’ अशी थाप मारली. एका सकाळी अब्बांनी बॉनेट उघडलं, वायर पाहिली, पान्यानं घट्ट केली आणि गाडी चालू केली. हातांची सवय फार उशिरा जाते. स्टिअरिंगवर बसून त्यांनी मला विचारलं, ‘किधर जाने का?’ गिऱ्हाइकाला विचारावं तसं. तेव्हा मात्र मला खोटं बोलवेना. शेजारी बसून मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली अम्मीच्या हातात दिली.

त्या सकाळी त्यांना किती कळलं, हे मला आजही माहीत नाही. दोन वर्षं आधी बोललो असतो, तर नक्की कळलं असतं. गाडी कधी सोडायची, हे त्यांनी स्वतः ठरवलं असतं. आजार आम्हाला थांबवता आला नसता, पण हा निर्णय त्यांचा त्यांना घेता आला असता.