सोळा बिटांचा वाद आणि केसरबाईंची भैरवी

१/ १९७७ साली अमेरिकेची दोन व्हॉयेजर याने अवकाशात झेपावली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी होती. गोव्यातील केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकर यांची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी तिच्यावर कोरलेली आहे. तबकडी वाजवण्यासाठी सुई आणि कार्ट्रिजही सोबत दिले गेले. सुई खाचेतून फिरली की तिच्या कंपनांतूनच स्वर निघतो. मध्ये आकड्यांचा संबंध येत नाही.

२/ तीच भैरवी आज हार्बर मार्गावरील जुईनगरच्या एखाद्या सदनिकेत मोबाइलवरून लावली, तर तिथे पोहोचतात ते केवळ आकडे. त्या आकड्यांची पुन्हा विद्युतलहर करणारे उपकरण म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, अर्थात ‘डॅक’. बाजारात तो काही शे रुपयांपासून काही लाखांपर्यंत मिळतो. घरासाठी कोणता निवडावा, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्याच्या इतिहासातच सापडते.

३/ अखंड लहरीचे तुटक आकडे केले तर मधला स्वर हरवत नाही का? हॅरी नायक्विस्ट यांच्या तारायंत्रविषयक संशोधनात (१९२८) या प्रश्नाच्या उत्तराची बीजे होती. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये त्याची स्पष्ट सिद्धता दिली. लहरीतील सर्वोच्च कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक नमुने दर सेकंदाला घेतले, तर मूळ लहर पूर्णपणे परत उभी करता येते. मानवी कान साधारण २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. म्हणजे ४०,००० हून थोडे अधिक नमुने पुरेसे.

४/ मग सीडीसाठी नेमका ४४,१०० हाच आकडा का? आरंभीचे डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओ टेपवर साठवले जाई. सेकंदाला ६० क्षेत्रे, प्रत्येकात २४५ उपयुक्त रेषा, प्रत्येक रेषेवर ३ नमुने : गुणाकार ४४,१००. ५० क्षेत्रांच्या पद्धतीत २९४ रेषा घेतल्या तरी उत्तर तेच येते. १९७२ मध्ये सुरू झालेले मुंबई दूरदर्शन याच ५० क्षेत्रांच्या पद्धतीवर चाले. संगीताचा जागतिक मापदंड असा दूरचित्रवाणीच्या रेषांतून जन्मला.

५/ खरा वाद झाला तो बिटांवर. प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा? फिलिप्सकडे १४ बिटांचा कन्व्हर्टर तयार होता. सोनीने १६ बिटांचा आग्रह धरला. १४ बिटांत १६,३८४ पायऱ्या, तर १६ बिटांत ६५,५३६. अखेर १६ बिट मान्य झाले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये विक्रीस आला. डाव्या-उजव्या बाजूंसाठी त्यात एकच डॅक आळीपाळीने काम करी.

६/ फिलिप्सने आपला १४ बिटांचा डॅक टाकून दिला नाही. नमुन्यांचा वेग चौपट, म्हणजे १,७६,४०० करून आणि गोंगाट ऐकू येणाऱ्या पट्ट्याबाहेर ढकलून त्यांनी १६ बिटांच्या तोडीचा परिणाम साधला. टोकियोत इनोसे आणि यासुदा यांनी १९६२ मध्ये मांडलेली डेल्टा-सिग्मा पद्धत हीच वाट पुढे नेणारी होती. ती सिलिकॉनमध्ये स्वस्तात उतरली आणि उत्तम डॅक ही चैनीची वस्तू उरली नाही. आज मोबाइलच्या बोटभर अडॅप्टरमध्येही डॅक असतो.

७/ १६ बिटांचा आवाका सुमारे ९६ डेसिबल. बऱ्यापैकी शांत खोलीतही ३० डेसिबलचा आवाज असतोच. तो ओलांडून पूर्ण आवाका ऐकायचा, तर आवाज १२६ डेसिबलपर्यंत न्यावा लागेल. तिथे कान दुखू लागतात आणि शेजारी दार ठोठावतात. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीत तर खरखरीच्या वर उरणारा आवाका साधारण ३० ते ४० डेसिबलच असतो.

८/ त्याहून मोठी बाब वेगाची. आरंभीच्या तबकड्यांवर ‘७८’ हा वेग काटेकोर नव्हता. सुमारे ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवून तिचे आकडे केले, तर काळी एकमध्ये गाणारा गायक जवळपास पांढरी दोनमध्ये ऐकू येतो आणि लयही चढते. ही चूक लाखाचा डॅकही दुरुस्त करू शकत नाही. तो मिळालेले आकडे निष्ठेने वाजवतो, इतकेच.

९/ म्हणून निवडीचे निकष साधे आहेत. टीव्हीतून ऑप्टिकल तार येते की संगणकातून यूएसबी, हे पाहून जोडणी जुळवावी. अ‍ॅम्प्लिफायरला पुरेसा, म्हणजे साधारण २ व्होल्टचा संकेत मिळावा. संगणकाची घरघर येत असेल, तर वेगळा डॅक खरोखर उपयोगी. त्यापुढचा पैसा स्पीकरवर आणि पडदे, सतरंजी, पुस्तकांची कपाटे यांनी खोलीचा घुमारा कमी करण्यावर खर्चावा. फरक तिथे ऐकू येतो.

१०/ आणि मूळ तबकडी? लाख ठिसूळ असते. माळ्यावरून एकदा पडली की पुरावा संपला. म्हणूनच मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थांचे काम मोलाचे ठरते. डॅक पुढच्या वर्षीही विकत मिळेल. आजोबांच्या पेटीतली तबकडी मात्र स्वच्छ करून, योग्य सुईने, योग्य वेगाने एकदा नीट उतरवून घेतली नाही, तर त्या डॅकला वाजवायला आकडेच उरणार नाहीत.