ज्वालारोधक रसायने आणि प्राण्यांची साक्ष : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिक, फोम व कृत्रिम धाग्यांचा वापर वाढला आणि आगीचा धोकाही वाढला. त्यावर उपाय म्हणून ब्रोमिनयुक्त ज्वालारोधक रसायने प्रचारात आली. हेतू प्राणरक्षणाचा होता. परंतु ही रसायने लवकर विघटित होत नाहीत आणि शरीरातील चरबीत साठतात. त्यांच्या दुष्परिणामांची साक्ष प्रथम प्राण्यांनी दिली. ती कायद्यापर्यंत पोहोचण्यास झालेल्या विलंबाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मिशिगनमधील दुर्घटना

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील मिशिगन केमिकल कंपनी 'न्यूट्रीमास्टर' हे पशुखाद्यात मिसळावयाचे मॅग्नेशियम ऑक्साइड आणि 'फायरमास्टर' हे ज्वालारोधक अशी दोन्ही उत्पादने तयार करीत असे. १९७३ मध्ये पोत्यांची गफलत होऊन फायरमास्टर पशुखाद्यात मिसळले गेले. त्यातील घटक होता पॉलीब्रोमिनेटेड बायफेनिल, म्हणजेच पीबीबी. गाईंचे दूध आटले, त्यांनी खाणे सोडले, खूर वेडेवाकडे वाढले, गर्भपात झाले. रसायन अभियांत्रिकी शिकलेले दुग्धव्यावसायिक रिक हॅल्बर्ट यांनी खाद्याच्या तपासणीचा चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९७४ मध्ये पीबीबीची ओळख पटली. तोवर दूषित दूध, मांस व अंडी घरोघरी पोहोचली होती. सुमारे ३०,००० गुरे आणि १५ लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या.

संप्रेरके व मेंदू

पीबीबी मागे पडले. परंतु त्याच्याच कुळातील पॉलीब्रोमिनेटेड डायफेनिल ईथर अर्थात पीबीडीई पुढे आले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने फर्निचरच्या फोमला ज्योतीची कसोटी लावल्याने ज्वालारोधकांच्या वापरास चालना मिळाली.

पीबीडीईची रचना थायरॉक्सिन या संप्रेरकाशी मिळतीजुळती आहे. मात्र त्यात आयोडीनच्या जागी ब्रोमिन असते. उंदरांवरील प्रयोगांत या रसायनांमुळे यकृतातील विकरे सक्रिय होऊन रक्तातील थायरॉक्सिन घटल्याचे दिसले. मेंदूतील पेशींचे स्थलांतर व परस्परजोडणी याच संप्रेरकावर अवलंबून असल्याने ही घट गंभीर ठरते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे पेर एरिक्सन व सहकारी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दहा दिवसांच्या उंदरांना पीबीडीईची एकच मात्रा दिली होती. प्रौढपणी त्यांच्या वर्तनात बिघाड आढळला आणि तो वयानुसार वाढत गेला. विकासाच्या नाजूक काळातील अल्प संपर्कही कायमचा ठसा उमटवितो, हे त्यातून स्पष्ट झाले.

कायद्याची वाटचाल

स्वीडनमध्ये १९७२ ते १९९७ या काळात मातांच्या दुधातील पीबीडीईचे प्रमाण दर पाच वर्षांनी जवळजवळ दुप्पट होत गेले होते. युरोपीय संघाने २००४ मध्ये पेंटा व ऑक्टा या मिश्रणांवर बंदी घातली. २००९ मध्ये त्यांचे प्रमुख घटक स्टॉकहोम कराराच्या यादीत समाविष्ट झाले. भारताने २०१८ च्या नियमांद्वारे ते प्रतिबंधित केले. दरम्यान, १९७० च्या दशकात मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांतून हद्दपार झालेले क्लोरीनयुक्त ट्रिस अमेरिकेत फर्निचरच्या फोममध्ये पर्याय म्हणून वापरले गेले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रत्येक वेळी बंदी एका रसायनावर आली आणि त्याचे भावंड बाजारात उतरले. मिशिगनच्या गोठ्यापासून भारताच्या नियमांपर्यंत पंचेचाळीस वर्षे गेली. रसायन निरुपद्रवी असल्याचे वापरापूर्वीच सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकल्याशिवाय हा विलंब टळणार नाही. अन्यथा पुढील साक्षही मुक्या जनावरांनाच द्यावी लागेल.